भाकरीसाठी आलेला मुलगा

(साक्षरता वर्गात संध्याकाळी केलेले भाषण)



आज आम्ही एका प्रश्नावर बोलणार आहोत. प्रश्न आमचा नाही. या वर्गातल्याच एका आजींचा आहे. त्यांचे नाव सांगत नाही. त्या समोरच बसल्या आहेत. नाव घेतले तर उठून जातील, आणि मग भाषण कोणाला सांगायचे?

मागच्या महिन्यात रविवारची उपासना संपली. मंडळी घरोघर गेली. आजी मात्र देवळाच्या पायरीवर बसून राहिल्या. आम्ही विचारले, "आजी, बरे नाही का?"

आजी म्हणाल्या, "बरं हाये. पन मनात काटा रुतलाय."

मग हळूहळू त्यांनी सांगितले. त्यांचा नातू बाहेर कामाला जातो. तिथे कोणाशी तरी त्याचे भांडण झाले. भांडण पैशाचे होते. पण भांडणात माणूस जे हाताला येईल ते फेकतो. तो माणूस म्हणाला, "तुमचे वाडवडील भाकरीवर बाटले. तुमचा कसला आलाय धर्म?" नातू घरी आला. जेवला नाही. त्याने आजींना विचारले, "हे खरं का?" आजी गप्प राहिल्या.

"कारन ते खरंच हाये," आजी आम्हाला म्हणाल्या. "माझा आजा मोठ्या दुष्काळात मिशनमंदी आला. भुकेपायी आला. त्यो सोताच सांगायचा. आता म्या प्रार्थनेला डोळे मिटले की त्येच ऐकू येतं. देवाच्या घरात आमी लेकरं हाओत, का निस्ते जेवायला आलेले पावने?"

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. हे कबूल केलेले बरे. पाठ केलेली उत्तरे पुष्कळ होती. पण ती त्या पायरीवर बसून सांगण्यासारखी नव्हती. आम्ही म्हणालो, "आजी, थोडे दिवस द्या." आज ते दिवस भरले.

पहिल्याने त्या दुष्काळाची गोष्ट करू. आपला नगर जिल्हा, २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, हा सह्याद्रीच्या आडोशाला आहे. ढग घाटावर रिकामे होतात आणि आपल्याकडे वारा येतो. अकोल्याकडचा भाग सोडला तर आपले सारे जिणे आभाळाकडे बघण्यात गेले. आज पाट आहेत, ऊस आहे. तेव्हा ते नव्हते. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. मुळा धरण तर त्याच्याही पुष्कळ नंतरचे. म्हणजे १९०० साली पाऊस गेला की सारेच गेले.

आणि तेव्हा तो एकदाच गेला नाही. १८९६-९७ साली एक दुष्काळ झाला. त्याच सुमाराला मुंबईत प्लेग आला आणि तिथून पसरत गेला. लोक जरा सावरतात तोच १८९९ साली पुन्हा पाऊस नाही. धान्य नाही, चारा नाही, विहिरीला पाणी नाही. गुरे मेली. माणसे घरे सोडून निघाली. वाटेत आई गेली, बाप गेला, आणि पोर तेवढे राहिले, अशी किती पोरे होती! नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ सालापासून होते. मिशनने अशा पोरांना जवळ केले. त्यांना खायला घातले, अक्षरे शिकवली, हाताला काम शिकवले. आजींचा आजा त्यांतला एक. वय आठ-नऊ वर्षांचे. सुतारकाम शिकला.

आता खरे ते सांगितले पाहिजे. त्या वर्षांत पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. ते सगळे शुभवर्तमान वाचून, विचार करून झाले, असे म्हणणे खोटे होईल. ज्यांना गावात कोणी जवळ बसू देत नव्हते, ज्यांना विहिरीवर हात लावू देत नव्हते, त्यांना कोणीतरी जवळ बसवले. त्यांच्या ताटात भाकर घातली. ते त्यांच्या मागे गेले. मिशनच्या लोकांनाही शंका होतीच, की हे देवासाठी येतात की दाण्यासाठी? दुष्काळ सरल्यावर काही जण परत गेलेही. काही राहिले. आजींचा आजा राहिला.

इथे एक आठवण द्यावीशी वाटते. १९७२ सालचा दुष्काळ या वर्गातल्या थोरांनी पाहिला आहे. तेव्हा सारा गाव खडी फोडायला गेला होता. पाटील गेले, मराठे गेले, माळी गेले, महारवाड्यातले गेले, मांगवाड्यातले गेले, ख्रिस्तीही गेले. एकाच रस्त्यावर, एकाच उन्हात. सुकडी आली ती सर्वांनी खाल्ली. रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी आली. तिची भाकर धड थापता येत नव्हती, पण ती कोणी खाल्ली नाही असे घर दाखवा. आजी तेव्हा तरण्याताठ्या होत्या. त्यांनीही खडी फोडली. भुकेला कोणी लाजला नाही. लाजायचे कारणही नव्हते. भूक हा गुन्हा नव्हे, बरे का. मग १९०० साली एका नऊ वर्षांच्या पोराने भाकर घेतली, तर त्याचा हिशेब त्याच्या नातीच्या पदरात का टाकायचा?

पण आजींचा काटा एवढ्याने निघणार नाही, हे आम्ही जाणतो. त्या म्हणतील, "आज्याचं असू द्या. माझं काय? म्या तर इचार करून आले न्हाई. जल्मले तवाच किरिस्ताव." शिवाय त्यांना असे वाटते, की जे शिकलेले होते, जे मोठे होते, जे समजून उमजून आले, त्यांच्या मनात शंका नसणार. त्यांचा विश्वास दगडी भिंतीसारखा असणार.

म्हणून आपल्या नगरच्याच एका बाईंची गोष्ट सांगतो.

नारायण वामन टिळक हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. त्यांची भजने आपण उपासनेत म्हणतो. त्यांचा जन्म १८६१ साली कोकणात ब्राह्मण घरी झाला. पंडित होते, कवी होते. १८९३ साली आगगाडीत त्यांना एक गोरे गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना नवा करार दिला. टिळक वाचत गेले. येशूने डोंगरावर केलेले प्रवचन त्यांनी वाचले आणि तिथेच त्यांचे मन गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांचे पुष्कळ आयुष्य नगरला गेले. तुकोबांचे अभंग त्यांनी सोडले नाहीत. उलट तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

पण आम्हाला टिळकांबद्दल बोलायचे नाही. त्यांच्या बायकोबद्दल बोलायचे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे भारी वेड. घरात येईल ती वस्तू धुऊन घ्यायची. मीठसुद्धा! मीठ धुतल्यावर काय उरते ते बायाबापड्यांनी सांगावे. हसू येते खरे. पण त्या हसण्यामागे एक भीती आहे ती पाहा. कोणाचा तरी हात लागेल, काहीतरी विटाळेल, देव रागावेल. अशा भीतीत ही मुलगी वाढली. अकराव्या वर्षाच्या सुमाराला तिचे लग्न झाले. शाळा तिने कधी पाहिली नाही. लिहायला वाचायला शिकली ते लग्नानंतर, नवऱ्याच्या नादाने. म्हणजे तुमच्यासारखीच, संसारात पडल्यावर.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. नातेवाइकांकडे होत्या. मुलगा दत्तू तीन-चार वर्षांचा. बातमी आली आणि घरावर जणू वीज पडली. नवरा जिवंत आहे, पण जवळ जाता येत नाही. गेले तर माहेर तुटते, न गेले तर संसार तुटतो. आजच्या मुलींना हे कळायचे नाही. आजींना कळेल. चार-पाच वर्षे त्या बाईने अशी काढली. त्या दिवसांत दुःख आवरेना म्हणून त्या कविता करू लागल्या.

शेवटी त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे नगरला आल्या. ख्रिस्ती व्हायला आल्या नाहीत, हे लक्षात ठेवा. सोवळे सांभाळून, खाणेपिणे वेगळे ठेवून त्या राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. दोघांची भांडणे होत, ती मात्र होत. टिळक तापट आणि बाई सडेतोड. लक्ष्मीबाईंनी ती भांडणे लपवली नाहीत, सगळी लिहून ठेवली आहेत. आम्हाला त्यांचे हे फार आवडते. साधुसंतांसारखे गोड गोड त्यांनी काही लिहिले नाही.

मग एके दिवशी त्यांच्या मनात एक प्रश्न आला. अगदी साधा. हे जातीचे भेद देवाने केले की माणसाने? त्या विचार करत राहिल्या. कोणी शिकवले नाही, कोणी समोर बसून वाद घातला नाही. त्यांचे त्यांनाच उत्तर मिळाले, की हे माणसाने केले. बस्स! कोणाच्याही हातचे अन्न घ्यायचे, कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे, असे त्यांनी ठरवले. ज्या घरात मीठ धुतले जात होते त्या घरच्या मुलीने हे ठरवले.

आणि तरीही, पाहा, त्या तेव्हा ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा त्यांनी मागाहून घेतला, १९०० साली. म्हणजे आजींचा आजा भाकरीच्या मागे मिशनच्या दारात आला, त्याच सुमाराला.

आता आम्ही तुम्हाला विचारतो. लक्ष्मीबाई नगरला कशासाठी आल्या होत्या? देवासाठी? नाही. नवऱ्यासाठी आल्या होत्या. पोराला बाप मिळावा म्हणून आल्या होत्या. एक पोर भाकरीच्या मागे आले, एक बाई कुंकवाच्या मागे आली. दोघेही दुसऱ्याच कशाच्या तरी मागे आले आणि आत शिरले. लक्ष्मीबाईंचा विश्वास खोटा होता असे म्हणायची कोणाची छाती आहे का? मग आज्याचा तेवढा खोटा कसा?

पुढचेही थोडे सांगतो. टिळकांच्या घरी अनाथ पोरे असत, आल्यागेल्याला जेवण असे, आणि हातात पैसा टिकत नसे. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. देवाच्या भरवशावर राहायचे म्हणाले. भरवसा टिळकांचा, आणि चूल लक्ष्मीबाईंची! दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाईंचे वय पन्नाशीचे. पुढे काय, हा प्रश्न त्यांना पडला नसेल का? पण त्या बाईने पदर खोचला. त्यांनी आपली हकीकत लिहायला घेतली. तिचे नाव 'स्मृतिचित्रे'. १९३४ सालापासून ती भागाभागांनी छापून आली. टिळकांनी प्रभू येशूच्या चरित्राचे 'ख्रिस्तायन' नावाचे मोठे काव्य सुरू केले होते. ते अर्धे काय, पाव सुद्धा झाले नव्हते. त्याचे पुढचे बरेचसे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३६ साली त्या गेल्या. त्यांची हकीकत इंग्रजीतही गेली आहे, आणि मराठीतल्या उत्तम पुस्तकांत तिचे नाव घेतात. संसारात पडल्यावर अक्षरे शिकलेली बाई! वर्गात ज्यांचा हात थरथरतो त्यांनी हे ऐकून ठेवावे.

आता शंकेबद्दल. आजींना वाटते, शंका आली म्हणजे विश्वास गेला. तसे शास्त्रात कुठे दिसत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात एक बाप आहे. त्याच्या मुलाला लहानपणापासून झटके येत. मुलगा कधी विस्तवात पडे, कधी पाण्यात. शिष्यांच्या हातून तो बरा झाला नाही. बाप थकला होता. तो येशूला म्हणाला, तुमच्याने काही होत असेल तर करा. 'होत असेल तर'! म्हणजे खात्री नव्हतीच. येशूने त्याला विश्वासाबद्दल सांगितले. तेव्हा तो माणूस ओरडूनच बोलला, की विश्वास ठेवतो, पण तो अपुरा आहे, तेवढ्यासाठी तुम्हीच मला हात द्या. येशूने काय केले? जा, पुरता विश्वास घेऊन ये, असे म्हटले नाही. त्याने मुलाला बरे केले.

थोमाचेही तेच. त्याने प्रभूला पाहिले नव्हते. तो म्हणाला, जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही. आपण त्याला शंकेखोर म्हणतो. पण एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. पुढे आठ दिवसांनी प्रभू आला, तेव्हा थोमा त्या खोलीतच होता. बाकीच्यांनी त्याला हाकलले नव्हते, आणि तोही शंका घेऊन बाहेर पडला नव्हता. शंकेसकट मंडळीत बसून राहिला. आजीही त्या रविवारी पायरीवर बसून राहिल्याच होत्या की. घरी कुठे गेल्या?

उलट बाजूही सांगतो, नाही तर आम्ही लबाडी केली असे होईल. येशूने पाच हजारांना भाकरी दिल्या. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा त्याला शोधत आले. तेव्हा त्याने तोंडावर सांगितले, की तुम्ही पोटभर जेवलात म्हणून मला शोधता. भाकरीपाशीच थांबू नका, असे त्याला सांगायचे होते. म्हणजे भाकरीसाठी येणे आणि भाकरीपाशी थांबणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण हेही पाहा, की हे बोलायच्या आधी त्याने जेवू घातले होते.

आज्याचे काय झाले ते आजींनीच आम्हाला सांगितले. दुष्काळ सरला. पोर मोठे झाले. हाताला सुतारकी होती, कोठेही पोट भरले असते. मिशनची भाकर तर केव्हाच बंद झाली होती. तरी तो माणूस रोज संध्याकाळी रंधा ठेवून, हात धुऊन, दिव्यापाशी बसे आणि बोट ठेवून चार ओळी वाचे. आजी लहानपणी शेजारी बसत. तो मरेपर्यंत वाचत होता. त्या चार ओळींचे त्याला कोणी काय देत होते?

हे आम्ही आजींना विचारले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काय बी न्हाई. उलट त्याल जायाचं."

शेवटी एक गोष्ट, तुमच्या ओळखीची. एका माणसाला दोन मुलगे होते. धाकट्याने आपला वाटा मागून घेतला, दूर गेला आणि सारे उडवले. मग त्या देशात दुष्काळ पडला. होय, दुष्काळच. लूकाने तसेच लिहिले आहे. मुलगा डुकरे राखू लागला. डुकरांच्या शेंगा खाव्या असे त्याला वाटले. मग त्याला घर आठवले. का आठवले? बापाची माया आठवली म्हणून? नाही. बापाच्या घरी गड्यांनासुद्धा पोटभर भाकर मिळते, हे आठवले. हा मुलगा भाकरीसाठी घरी निघाला, बंधूंनो! वाटेत त्याने बोलायचे पाठ केले. मी मुलगा म्हणायच्या लायकीचा नाही, मला गडी म्हणून ठेवा.

बापाने त्याला लांबून पाहिले. तो धावला. म्हाताऱ्याने गावादेखत धावणे शोभत नाही, पण तो धावला. मुलगा पाठ केलेले बोलू लागला. आम्ही हा भाग पुष्कळदा वाचला होता, पण आजींच्या प्रश्नानंतर पहिल्यांदा नीट पाहिला. मुलाचे बोलणे पुरे झालेच नाही. लायकीचे तेवढे बोलून झाले. गडी म्हणून ठेवा, हे शब्द तोंडातून निघायच्या आतच बाप चाकरांना हाका मारू लागला. झगा आणा, अंगठी आणा, पायांत जोडे घाला. कशासाठी आलास, हे त्याने विचारलेच नाही.

विचारले ते थोरल्या भावाने. तो अंगणात उभा राहून रागावला. नातवाशी भांडणारा तो माणूस आम्हाला या थोरल्या भावासारखा वाटतो. त्याच्यावर आम्ही रागावणार नाही. थोरल्या भावालाही बाप बाहेर येऊन समजावतच होता.

आजी, तुमच्या प्रश्नाला आमच्याजवळ एवढेच आहे. काटा निघाला की नाही, ते तुम्ही सांगायचे.

पुढच्या गुरुवारी लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आपण वर्गात वाचणार आहोत. आम्ही वाचणार नाही, तुम्ही वाचायचे. एकेकाने दोन दोन ओळी. जोडाक्षर अडले तर शेजारच्याने सांगावे, हसू नये. पहिल्या ओळी आजी वाचतील. त्यांनी कबूल केले आहे. त्यांचा नातूही येतो म्हणाला आहे. चष्मे विसरू नका, आणि वीज जाते म्हणून कोणीतरी बॅटरी आणा.